बुवा, मुंगूस आणि मुलुंडचे आबा

दुकानात कॅमेरे मांडून बसायचं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावायचं, असा धंदा मी आयुष्यात एकाच माणसाला करताना पाहिला. ते म्हणजे आमचे आबा. आमचे म्हणजे नात्यातले वगैरे नाहीत. मुलुंड पश्चिमेला भाजीवाल्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दीड माणूस मावेल एवढी जागा. त्यातला एक आबा, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत आपण अंग चोरून उभं राहायचं. वर त्यांची बोलणी खायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पुढे एक कॉलेजातला पोरगा होता. त्याने विचारलं, "काका, ह्यात मेगापिक्सेल किती?" आबांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. "कशाला? भाजी करणार आहेस त्यांची?" पोरगा हसला, म्हणाला, यूट्यूबवर एक जण सांगत होता की अमुक इतके तरी हवेतच. "मग त्याच्याकडूनच घे ना," म्हणून आबांनी कॅमेरा त्याच्या हातातून काढून परत कपाटात ठेवला. मला वाटलं, मेला हा म्हातारा, ह्याचं दुकान चालतं कसं?

चालत नव्हतंच म्हणा. दुरुस्तीवर भागायचं. त्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॅमेरा कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचे. तो आवाज ऐकून सांगायचे, ह्याच्यात धूळ गेलीय, ह्याला पाडलाय, हा दमट कपाटात पडून होता. "बरा वाजता," असं म्हणाले की समजायचं, कॅमेरा ठणठणीत आहे. एरवी ते आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. रागावले किंवा खूश झाले की मालवणी सुरू. दुपारी एकला शटर अर्धं खाली ओढून डबा खायचे. त्यांच्याकडून आणलेल्या माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला पहिले दोन महिने बांगड्याचा वास येत होता, आणि आमची मांजर त्या बॅगेवर जीव टाकत होती.

आता मी तिथे का गेले ते सांगते. मी घाटकोपरची, भटवाडीतली. शाळेपासून कबड्डी खेळायचे. चढाईला माझा नंबर पहिला असायचा. बाविसाव्या वर्षी एका पकडीतून सुटताना गुडघा असा काही फिरला की आतली लिगामेंट तुटली. ऑपरेशन झालं, चालायला लागले, पण डॉक्टर म्हणाले कबड्डी विसरायची. मी विसरले नाही, रागावले. दोन वर्षं कुठल्याच मैदानावर पाय ठेवला नाही. शिट्टीचा आवाज आला तरी रस्ता बदलायचे.

मग त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत मी मोबाइलवर लेझीमवाल्या मुलींचे फोटो काढले आणि स्टेटसला टाकले. ते बघून आमच्या जुन्या कोच बाईंचा फोन आला. "महिलांची जिल्हा स्पर्धा आहे, फोटोग्राफर हवाय. कबड्डीचे दहा चांगले फोटो पुढच्या गुरुवारपर्यंत पाठव. मी नाव सुचवते, पण वशिला लावणार नाही." मला ते काम हवंच होतं. खेळता येत नाही तर नाही, निदान रेषेच्या बाजूला तरी उभं राहता आलं असतं. आणि हे हुकलं असतं तर मी परत कधी मैदानाकडे वळले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

साठवलेल्या पैशांत एक जुना डीएसएलआर येत होता. नेटवर सगळं वाचून, नुसत्या कॅमेऱ्याला 'बॉडी' म्हणायचं वगैरे चांगली पोपटपंची पाठ करून मी आबांकडे गेले. म्हटलं, "मला खेळाचे फोटो काढायचेत. फास्ट बॉडी द्या." आबा म्हणाले, "बॉडी फास्ट आहे. तू आहेस काय?" मी भडकलेच. म्हटलं, "काका, द्यायचा असेल तर द्या, नसेल तर तसं सांगा. उलटं बोलायचं काम नाही." त्यावर हा माणूस खूश. "बस गो चेडवा," म्हणाले. बसायला जागा नव्हती, पण बस म्हणाले.

त्यांची बिल्डिंग पाडली जायची होती. महिनाअखेर दुकान रिकामं करून ते कुडाळजवळ आपल्या गावाला जाणार होते. बाकीचा माल विकून, वाटून, भंगारात घालून झाला होता. दोनच कॅमेरे उरले होते, आणि ते दोन्ही ते कोणाच्याही गळ्यात मारायला तयार नव्हते.

त्यातला एक जाडजूड, कडांना रंग उडालेला. त्याचं नाव बुवा. भजनाला बसलेल्या बुवासारखा, कोणी घाई केलेली त्याला चालायची नाही. आतला सेन्सर, म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असायची ती जागा, चांगली ऐसपैस. त्यामुळे माणसांचे चेहरे असे उतरायचे की कातडीचा पोत दिसायचा आणि मागचं सगळं मऊ होऊन जायचं. अंधाऱ्या हॉलमध्येही फोटो स्वच्छ. पण सेकंदाला जेमतेम तीन फोटो, आणि माणूस पळायला लागला की फोकस मागेच राहिलेला. दुसरा मुंगूस. सेन्सर लहान, पण सेकंदाला आठ फोटो. एकदा धावणाऱ्या माणसाला धरलं की सोडायचा नाही. तीच लेन्स लावली तरी ह्याच्यात लांबचा माणूस जवळ दिसायचा. उजेड कमी झाला की मात्र फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. म्हणजे हिशेब सरळ. लग्न, चेहरे, मंदिराचा गाभारा ह्यांना बुवा. पक्षी, क्रिकेट, कबड्डी ह्यांना मुंगूस. मी मुंगसाकडे हात केला.

आबांनी दोन्ही माझ्या गळ्यात अडकवले. मग इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी काढून दोन्हींचे स्क्रीन पार झाकून टाकले. "रविवारी मैदानावर जा. दोन्ही ने. एकेकावर साठ फोटो. एकसष्टावो काढलंस तर दोनय परत. आणि पट्टी काढून बघायचं नाही." मी विचारलं, न बघता कसं कळणार फोटो बरा आला का? तर म्हणाले, "बटण दाबलंस तेव्हाच कळता. मगे बघणं म्हणजे शंका." ही त्यांची सगळ्यांसाठीची पद्धत होती. ह्या परीक्षेत पळून गेलेल्या गिऱ्हाइकांची संख्या फार मोठी असणार.

रविवारी भांडुपला मुलींचे सामने होते. मैदानाच्या फाटकाशी मी दहा मिनिटं नुसती उभी. मग आत गेले आणि मुंगूस काढला. पहिली चढाई, बोट दाबून धरलं, खटखटखटखट, काय तो आवाज. भारी वाटलं. दुसरी चढाई, तिसरी चढाई. मग आठवण झाली साठची. कॅमेऱ्याच्या वरच्या आकड्यावरून हिशेब केला तर अठ्ठावन्न झाले होते. सामना सुरू होऊन पाच मिनिटंसुद्धा नव्हती झाली आणि माझी वाट लागली होती. आता दोन फोटो कशाला वाया घालवायचे म्हणून मी बाकाकडे वळले. तिथे रेश्मा बसली होती. ती आणि मी एका संघात खेळायचो. मी जखमी झाल्यापासून तिचे फोन उचलत नव्हते. तिने मला बघितलं. हसली नाही, हातही केला नाही, नुसती बघत राहिली. मी एकच फोटो काढला.

मग बुवा घेतला. ह्याच्याकडून खटखट होणारच नव्हती. त्यामुळे मी मुकाट्याने सामना बघायला लागले. बघता बघता कळायला लागलं, ही आता डावीकडे झुकणार, कोपरारक्षक आत येणार, ही पाय टाकणार. तेव्हा एकदा दाबायचं, बस. संध्याकाळ झाली तेव्हा बुवावर साठातले एकवीस फोटो झाले होते आणि माझा टी-शर्ट घामाने भिजला होता. बाईंना दाखवायला निदान काहीतरी असेल, एवढीच आशा होती.

सोमवारी आबांनी दोन्ही कार्डांतले फोटो एकत्र मिसळून त्यांच्या जुनाट कॉम्प्युटरवर टाकायला लावले. त्यांची एक बढाई होती, "फोटो दाखव, कॅमेरा सांगतो." आणि खरंच सांगायचे. हा मुंगूस, हा मुंगूस, हा बुवा, सटासट. मुंगसाच्या अठ्ठावन्न फोटोंत सगळं स्वच्छ होतं आणि एकातही जीव नव्हता. चढाईवाली हात टाकायच्या आधीची, किंवा हात टाकून झाल्यावरची. मधला क्षण अठ्ठावन्नांतून निसटलेला. माझं तोंड उतरलं.

मग एक फोटो आला. चढाई करणारीची बोटं कोपरारक्षकाच्या खांद्याला लागलीयत, तिच्या चेहऱ्यावर अजून आनंद पोचायचाय, आणि पकडणारीला कळून चुकलंय. आबा म्हणाले, "वा. हा मुंगूस." मी म्हटलं, "नाही आबा, बुवा." ते माझ्याकडे बघायलाच लागले. पुढचा फोटो रेश्माचा. आबा थोडे सावध झाले, पण म्हणाले, "हा तरी बुवा. चेहरो बघ गो." मी म्हटलं, "मुंगूस."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला ती माहिती मला उघडायला लावली आणि स्वतः दोनदा वाचली. मला वाटलं, आता ओरडतात. तर हा सत्तरीचा माणूस उठून उभा राहिला आणि त्या दीड माणसाच्या जागेत फेऱ्या मारायला लागला. म्हणजे एक पाऊल पुढे, एक मागे. "चुकलंय," म्हणाले. "इतकी वर्षां लोकांका सांगत इलंय, खेळाक ह्यो, चेहऱ्याक ह्यो. चुकलंय मी." आणि तोंडभर हसत होते. बाहेरच्या चहावाल्याला दोन स्पेशल सांगितले. मी आबांना स्पेशल चहा मागवताना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तू कबड्डी खेळलंस काय गो?" मी हे त्यांना सांगितलंच नव्हतं. कोणालाच सांगत नव्हते. तिथेच, त्या बांगड्याच्या वासात, मी सगळं बोलून टाकलं. गुडघा, डॉक्टर, रेश्माचे न उचललेले फोन, गुरुवारचे दहा फोटो.

मग आबा म्हणाले, "तुला बुवा." मी म्हटलं, पण सगळे सांगतात खेळाला फास्ट लागतो. "सगळ्यांना माहीत नसतं चढाईवाली कधी हात टाकणार ते. म्हणून ते बोट दाबून धरतात आणि आठातला एक देव देईल म्हणून बसतात. तुका माहीत आसा. मुंगूस हातात होता तेव्हा तू प्रेक्षक होतीस. बुवा हातात आला तेव्हा तू खेळात होतीस." मी विचारलं, आणि रेश्माचा फोटो? "तो कॅमेऱ्याने काढलाच नाही," आबा म्हणाले. "तिका आधी फोन कर."

केला. तिने अर्धा तास शिव्या घातल्या, मग आम्ही दोघी रडलो. गुरुवारी मी दहा फोटो पाठवले, त्यातले नऊ बुवाचे. शनिवारी बाईंचा निरोप आला, काम तुझं. मी तशीच धावत, म्हणजे माझ्या गुडघ्याला जमेल तशी धावत, आबांना सांगायला गेले. मुंगूसही तेव्हा मार्गी लागला होता. गोवंडीचा एक लग्नाचा फोटोग्राफर आपल्याला बुवाच हवा म्हणून आला होता, त्याचीही साठ फोटोंची परीक्षा झाली. त्याचे स्टेजवरचे नवरा-नवरी अगदी लाकडी आणि हळदीत पळणारी पोरं अशी झकास, की आबांनी त्याला मुंगूस देऊन टाकला. "दोनय आपापल्या घरी गेले," म्हणाले. महिनाअखेर दुकानाला कुलूप लागलं आणि आबा कुडाळच्या गाडीत बसले.

त्याच पावसाळ्यात आबा गावीच वारले, झोपेत. त्यांच्या मुलीने कळवलं. आता त्या जागी वीस मजली टॉवर उभा राहतोय.

पण त्याआधी, जिल्हा स्पर्धेच्या फायनलच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. तेच आमचं शेवटचं बोलणं. सामना संपून लोक पांगले होते, मॅटवर पोरी एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या. शेवटची चढाई रेश्माची होती, दोन गडी मारून ती परत आली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. मी आपली आम्हीच म्हणते. गावाकडे नीट रेंज नव्हती, आबांचा आवाज तुटत होता. "गावलो काय गो फोटो?"

"माहीत नाही आबा. एकदाच दाबलंय. अजून बघितला नाही."

"मगे?"

"मगे काही नाही. रेश्मा रेषा ओलांडून गेली ना, तेव्हापासून मी श्वास घेतलाच नाही. ती परत येईपर्यंत. आता छातीत दुखतंय."

आबांचा आवाज एकदम स्वच्छ आला.

"मगे आज तू खेळलंस गो."

मी तिथेच मॅटवर बसले आणि हमसून हमसून रडले.