पुलीवरचं कुंकू

दसरा झाला की पुढचे पंधरा दिवस मला माणसांचा तिटकारा येतो. वर्षभर ज्यांनी कधी बॉनेट उघडून आत डोकावलं नाही, ते त्या दिवशी इंजिनला हळदकुंकू लावतात, नारळाचं पाणी शिंपडतात. एखादा महाभाग तर तेलाचे चार थेंबही सोडतो. मग इंजिनचा पट्टा घसरतो, गाडी सुरू करताच किंचाळतो, आणि ही मंडळी नागपुरात सदरच्या मागच्या गल्लीत माझ्या गॅरेजात येऊन विचारतात, "भाऊ, एकाएकी काय झालं हिले?" तीस वर्षं हेच ऐकतोय. अकलेच्या नावाने सगळा आनंद!

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी पारशिवनीचे एक निवृत्त मास्तर जुनी गाडी घेऊन आले. शेजारच्या सीटवर त्यांची बायको होती. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तर तिला रामदासपेठेतल्या दवाखान्यात डायलिसिसला आणत.

"गाडी रस्त्यात बंद नाही पडली पाहिजे, भाऊ," मास्तर म्हणाले. "एकही वार चुकवून नाही चालत हिले."

मी बॉनेट उघडलं. झालं! पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्यातल्या मधल्या पुलीवर कुंकवाचं बोट, वायरीत अडकलेली झेंडूची पाकळी आणि पट्ट्यावर काळे तेलकट डाग. इंजिन चालू ठेवून पट्ट्यावर थोडं पाणी सोडलं, तर किंचाळणं वाढलं. म्हणजे पट्टा घसरत होता, यात शंकाच नव्हती.

"तेल काहून ओतलं, मास्तर?"

"मी नाही ओतलं जी. कुंकू लावलं फक्त."

"मग काय देवानं येऊन ओतलं? जिंदगीभर पोरांले शिकवलं, अन् एवढं समजत नाही?"

दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. मास्तर खाली पाहत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? शिकलेल्या माणसाला चारचौघांत झापायची चव वेगळीच असते.

नवा पट्टा चढवला. जुना पट्टा निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहायची, हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी पाहिली नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं ना!

शुक्रवारी दवाखान्यातून परत जाताना गाडी पुन्हा दारात. पुन्हा तीच किंकाळी, पट्ट्यावर पुन्हा डाग. "पुन्हा पूजा घातली वाटते," मी म्हणालो. या वेळी मास्तरांची बायको बोलली. डायलिसिस करून आलेली, आवाज खोल गेलेला.

"भाऊ, मी पंचवीस वर्षं गावात आटाचक्की चालवली. पट्टा ओरडला की आम्ही तो काढून चाक हातानं फिरवून पाहत होतो. हा आवाज त्या मधल्या चाकाचा येऊन राहिला. पाहा ना एकदा."

"बाई, ही चक्की नाही, इंजिन आहे."

पट्टा फडक्याने पुसला, थोडा ताणला आणि त्यांना वाटेला लावलं. पीठ दळणारी बाई मला पुली शिकवणार! येईल त्याला हा किस्सा सांगून दिवसभर हसवत होतो.

पुढच्या मंगळवारी नागपूरला येताना वाटेत पट्टा तुटला, इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार टळली, तिची डायलिसिसची वेळ गेली. दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं आणि तिला थेट आयसीयूत न्यावं लागलं. हे मला गाडी ओढून आणणाऱ्याने सांगितलं.

मी तुटका पट्टा काढला आणि मधली पुली हाताने फिरवली. खरखर. बेअरिंगचं सील फाटलेलं, आतलं ग्रीस वितळून पट्ट्यावर उडत होतं. ज्याला मी पूजेचं तेल म्हणत होतो ते हेच. कुंकू त्याच पुलीवर होतं, आणि मी कुंकवाच्या पुढे पाहिलंच नव्हतं. मूर्ख! दुसऱ्यांची अक्कल काढणारा तीस वर्षं जुना मूर्ख.

चार दिवसांनी पुली खिशात घालून दवाखान्यात गेलो. तिला वॉर्डात आणलं होतं, नाकात नळी होती. मला पाहून मास्तर स्टुलावरून उठले आणि त्यांनी हात जोडले. मला!

"माझंच चुकलं, भाऊ. कुंकू लावताना दिव्यातलं तेल सांडलं असेल. मले आठवत नाही, पण तुम्ही म्हणता म्हणजे सांडलंच असेल. माझ्यामुळंच हिच्यावर ही पाळी आली."

पुली काढून मी तिच्या हातावर ठेवली. "हे तुमचं मधलं चाक, बाई," एवढंच म्हणालो.

तिने पुली कानाशी धरून बोटाने फिरवली. ती खरखर मलाही ऐकू आली. कडेचं काळं ग्रीस तिने अंगठ्याने पुसलं आणि तो अंगठा मास्तरांसमोर धरला.

"तुम्ही नाही सांडलं जी," ती म्हणाली. "हे पाहा. ह्याचंच आहे हे."

मास्तर स्टुलावर बसले आणि पोरासारखे रडायला लागले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुली तिने उशीशी ठेवून घेतली. मी निघेपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.