पाठाच्या दिवशीची खिचडी

मी पोशीरकडं शाळंत खिचडी शिजवते. माझी नात खेळाची मास्तरीण व्हायला शिकत व्हती. कॉलेजनं तिला महिनाभर शिकवायला धाडली ती आमच्याच शाळंत. शेवटल्या दिवशी कॉलेजचे सर येऊन तिचा पाठ बघणार. पास केलं तर ठीक, नायतर अख्खं वरीस वाया.

तिचा बाप गेला तवा ती चार वर्षांची. मी कुंभिवलीला हायवेच्या हॉटेलात भांडी घासली, मंग ही चूल धरली. रडत बसायला सवड नव्हती.

वाडीवरच्या पोरी डोंगर उतरून यायच्या, पोटात नुसता कोरा चहा. पाठाच्या आठवडाभर आधी कबड्डी खेळता खेळता एक चक्कर येऊन पडली. नातीचं तोंड पांढरंफटक. तेच माझ्या डोक्यात बसलं.

पाठाच्या दिवशी मी चूल लवकर पेटवली. मोठ्या बाई, म्हंजे हेडमास्तरीण, चाखल्याशिवाय खिचडी वाढायची नाय, असा नियम. पण त्या सरांना आणायला गेलेल्या. मी वाडीवरच्या पोरींना चुलीमागं बोलावलं.

"सुट्टी झाली काय गं आजी?"

"झाली समज. खा पोटभर. आज कोण पडायचं नाय."

तीन-तीन येळा घेतली त्यांनी.

मंग लगीच शिट्टी झाली. सर खुर्चीत, मांडीवर कागद. पयली पोरगी कबड्डी कबड्डी करत गेली नि रेघंवरच भडाभडा ओकली. मागून दुसरी पोट धरून बसली. सरांचं पेन थांबलं.

"यांनी काय खाल्लंय?"

नातीनं जमिनीवरचा पिवळा भात बघितला. मंग माझ्याकडं, एकदाच.

"माझं चुकलं सर. आधी विचारायला पायजे व्हतं मी."

मी हातात पळी घेऊनच मैदानात गेले.

"तिचं नाय सर. मी खायला घातलं."

"तुम्ही कोण?"

"खिचडीवाली. आजी हाय हिची."

मोठ्या बाई वरडल्या, "न चाखता वाढलीत?" सरांनी हात वर केला नि नातीला म्हनले, "आता काय करणार तू?"

तिनं दोघींना सावलीत बसवलं, घोट घोट पाणी दिलं. बाकीच्यांना गोल बसवून मातीत खडे मांडून डाव समजावला. सर लिहीत व्हते. काय, ते दिसंना. जाताना म्हनले, "सोमवारी परत घे पाठ."

घरी येताना तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मंग बोलली, "आजी, सोमवारी पण चारशील?"

"तू सांगशील तसं, बाय."

"पाठाच्या दोन तास आधी. एक पळी. मोठ्या बाईंना मी विचारते."

सोमवारी बाईंनी सकाळीच चाखली. मी एकेक पळी वाढली. त्या दिवशी ती पास झाली, सरांनी सही केली. पण पाठाआधी पोरींनी परत ताटं पुढं केली तवा मी पळी मागं घेतली. इतक्या वर्षांत तेवढं एक काम मला जड गेलं.