बिनरेघेची खूण

“दारावरची ती खूण माझी आहे, दादा. तू कोण रंगवणारा?”

“दरवर्षी दार रंगवतं कोण? मीच ना? मग आता नुसत्या खुणेसाठी तुला लक्झेंबर्गहून बोलावू?” झुस्तिनुच्या मनगटावरून निळा रंग ओघळत होता.

त्यांची आई देओलिंदा आत कोबीचं सूप ढवळत होती. थोरल्याचं ऐकलं की थोरल्याचं पटे, धाकट्याचं ऐकलं की धाकट्याचं. पंचाईत तीच होती.

पोव्हा बंदरातल्या कोळ्यांत प्रत्येक घराची खूण असते. होडीवर, जाळं तरंगवणाऱ्या बुचांवर कोरलेली. त्यांच्या घराची गळ आणि त्याखाली फुली. थोरल्याने बापाच्या खुणेला एक रेघ जोडायची. धाकट्याला ती जशीच्या तशी मिळायची, आणि घरही. म्हाताऱ्या आईबापांजवळ शेवटी राहणार तो धाकटाच, म्हणून.

पण आबेल राहिला कुठे? चार वर्षांनी आला आणि बायकोला घेऊन किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरला. काल तर त्याने देओलिंदालाच विचारलं होतं, “आई, इथे सारडिन चांगली कुठे मिळते गं?” जन्म मासळी विकण्यात गेलेल्या बाईला! हसावं की रडावं, तिला कळेना. परक्या प्रवाशाला सांगावं तसं तिने एका खानावळीचं नाव सांगून टाकलं होतं.

“वरची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायचीय,” झुस्तिनु म्हणत होता. “त्यांना रेघेतलं काय कळतंय? म्हणून माझी रेघ नाही काढली दारावर.”

“त्यांना नाही, मला कळतं!”

“भाऊजी,” थोरली सून इझौरा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “खूण न्या खुशाल. रात्री सासूबाईंचे पाय चोळायचे असतात, ते खुणेबरोबरच येतं.”

आबेल तणतणत पडवीत गेला आणि जुन्या बुचांच्या टोपलीतून एक बूच घेऊन आला. “हे बघा. बाबांनी माझ्यासाठी कोरलेलं. लहानपणी उशाशी घेऊन झोपायचो मी.”

बुचावर गळ होता, फुली होती. आणि बाजूला एक रेघ.

हसू लपवायला पदर नसल्याने इझौराने तोंडाला ओला टॉवेलच लावला. देओलिंदाला वाटलं, आता झुस्तिनु याची सालटी काढणार. पण त्याने बूच निरखलं, भावाकडे पाहिलं आणि ते परत त्याच्या हातात ठेवलं.

“हो, तुझंच ते. घेऊन जा.”

देओलिंदा आणखीच गोंधळली. आत्तापर्यंत भांडत होता ना हा? मग आपलं बूच असं देऊन कसं टाकलं? आणि ज्याला आपली खूण ओळखू येत नाही, तो तिच्यासाठी एवढा ओरडतो कशाला? नवरा असता तर त्याला विचारलं असतं. त्यालाही उमगलं नसतंच म्हणा.

तिने चुलीवरून भांडं उतरवलं, टेबलावर आदळलं.

“दारावर रेघ काढायची नाही. घर आणि खूण झुस्तिनुची. रेघ आजपासून आबेलने लावायची. बसा आता, सूप निवतंय.”