कोमट इंजिन

समजा, तुम्हाला एक वापरलेली मोटरसायकल बघायला जायचं आहे. साधी नव्हे, उंच सीटची, मोठ्या पुढच्या चाकाची, डांबर संपलं तरी न थांबणारी, जिला अॅडव्हेंचर बाइक म्हणतात तसली. फार मोठी नाही, फार लहान नाही. तुम्ही फाटकातून आत जाता आणि मालक गाडीचे गोडवे गायला लागतो. तुम्ही आधी काय कराल? रंग बघाल? किलोमीटरचा आकडा बघाल? की टायरला लाथ घालून बघाल, ज्यातून आजवर कोणाला काहीही कळलेलं नाही?

टॉर्च यातलं काही करायचा नाही. तो इंजिनावर तळहात ठेवायचा.

इंजिन गार असेल तर ठीक. गरम असेल तर मालकाने ते आधीच चालू करून ठेवलंय, आणि असं बहुधा काहीतरी झाकायचं असेल तरच करतात. आजारी इंजिन गार असताना कुरकुरतं, खोकतं, धूर सोडतं. एकदा तापलं की शहाण्यासारखं वागतं. म्हणून टॉर्च फोनवरच बजावायचा, "मी येईपर्यंत चालू करू नका हं."

टॉर्च हे नाव त्याला कामावर मिळालं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या त्या अंधाऱ्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर बसून, दातांत टॉर्च धरून. बाहेर दाराला 'काम चालू आहे' अशी पाटी. येणारेजाणारे त्या पाटीशीच बोलत. "किती वेळ लागेल?" दुसरं काही त्याला कोणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी तो आपल्या एका खोलीत यायचा, डबा धुवायचा, आणि पंख्याचा आवाज ऐकत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायचा.

दीड वर्ष झालं, त्याचे रविवार असेच चालले होते. गाडी बघायला जायचं, तासभर तपासायची आणि नकार कळवायचा. एकीची चेन सैल, एकीच्या पुढच्या शॉकमधून तेल गळतंय, एकीचा आवाज मनाला पटला नाही.

"तू गाडी घेतोयस की स्थळं बघतोयस?" त्याची ताई फोनवर म्हणायची. ती दुसऱ्या शहरात असायची. "हिचं नाक बसकं, तिचा आवाज घोगरा. अशाने गाडी आणि बायको दोन्हींशिवाय राहशील."

"ताई, जुनी गाडी म्हणजे नीट बघूनच..."

"मग बघतच बस. या रविवारी रिकाम्या हाताने आलास तर मला फोनसुद्धा करू नकोस."

ताईला एक गोष्ट माहीत नव्हती. टॉर्चला स्वतःलाही ती कळून न कळल्यासारखी होती. गाडीच्या बऱ्याच चाचण्या एकट्याने होतात. हँडलच्या बेअरिंगची होत नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, दुसऱ्या माणसाने मागून दाबायचं, म्हणजे पुढचं चाक हवेत उचललं जातं. मग आपण पुढे बसून ते हलवून बघायचं. टॉर्च म्हणायचा, "मागून दाबा जरा," आणि कोणीतरी अनोळखी माणूस हातातला कप ठेवून खरंच दाबायला यायचा. आठवड्यात त्याच्या शब्दावर कोणी त्याच्यासोबत काही करायचं, ते तेवढंच. गाडी घेतली की तेही संपणार होतं.

त्या रविवारी तो वेळेआधीच पत्त्याच्या गल्लीत पोचला, पण आत गेला नाही. या गाडीची जाहिरात इतकी चांगली होती की नकाराला जागाच दिसत नव्हती. तो कोपऱ्यावरच्या टपरीशी चहा घेत रेंगाळला. परत जावं का? गेलो तर ताईला काय सांगायचं? ठरलेली वेळ टळून बराच काळ गेल्यावर शेवटी पाय उचलले.

फाटक सताड उघडं होतं. फाटकापासून उतरत गेलेल्या आवारात, पुढचं चाक जवळजवळ भिंतीला टेकलेल्या मोटरसायकलवर एक साठीपुढच्या बाई बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, अंगात जाड जाकीट, दोन्ही हात हँडलवर.

"आलास? ये बाबा, ये," त्या म्हणाल्या. "आधी तो बाजूचा स्टँड पाड बघू. आणि खांदा दे जरा."

त्याने स्टँड पाडला, खांदा दिला. त्यांचा भार त्याला वाटला त्यापेक्षा जास्त आला. उतरताना त्या एकदा "आई गं" म्हणाल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. टॉर्चने सवयीने इंजिनावर तळहात ठेवला.

कोमट होतं. अंगात बारीक ताप असावा तसं.

त्याला हायसंच वाटलं. सापडली खोट!

"मॅडम, मी फोनवर सांगितलं होतं, चालू करू नका म्हणून."

"मॅडम काय? इतकी वर्षं गाईम्हशींना तपासलं, एकीनेही मला मॅडम म्हटलं नाही." त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. "सकाळी एक चक्कर मारून आले रे. शेवटची. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या पलीकडच्या ओट्यावर चढून गाडीवर बसावं लागतं. जायचं नव्हतंच, पण राहवलं नाही."

टॉर्चने तळहात इंजिनावरून हलवला नाही. प्रत्येक विकणाऱ्याकडे एक गोष्ट तयार असते.

"विश्वास नाही ना बसत?" डॉक्टर म्हणाल्या. "मग बस इथे. निवू दे तिला. पूर्ण गार झाली की तू चालू कर. खोकली तर तुझं खरं."

मग दोघं इंजिन निवायची वाट बघत बसले. बसले म्हणजे डॉक्टर खुर्चीवर बसल्या आणि टॉर्च गाडीभोवती फिरला. चेन स्वच्छ, तिच्या चक्राच्या दात्यांची टोकं बोथट नाहीत की झिजून अणकुचीदार नाहीत. चाकांच्या तारा एकेक करून वाजवून बघितल्या. सगळ्या एका सुरात. इंजिनाखालच्या पत्र्याला पोचे होते, पण डॉक्टरांनी प्रत्येक पोचा कुठला ते न विचारता सांगितलं. हा नदीतला दगड, हा एका अडलेल्या म्हशीच्या गोठ्याचा उंबरा.

मागच्या पायपट्ट्यांवरचं रबर मात्र कारखान्यातून आल्यासारखं होतं. रबरावरची बारीक बोंडंसुद्धा झिजली नव्हती.

"मागे कोणी बसत नव्हतं?" त्याने विचारलं.

"बसली होती ना, एकदा. शेळी. खोक्यात घालून बांधली होती. रस्ताभर माझ्या पाठीत शिंगं खुपसत होती, तेवढीच काय ती सोबत."

टॉर्च हसला. हसू बाहेर आलं तेव्हा त्यालाच दचकायला झालं. घसा वापरात नसल्यासारखा आवाज आला.

"तू कोणाला बसवणार मागे?"

"मी? कोणी नाही. तसं ठरवलं नाही काही."

"आजवर किती बघितल्यास गाड्या?"

"बऱ्याच."

"आणि एकही पसंत नाही? अरे, कळपातली सगळीच जनावरं आजारी असतील तर मी आधी पाणी तपासायचे." त्या मिश्कीलपणे त्याच्याकडे बघत होत्या. टॉर्चने टॉर्च काढला आणि कारण नसताना शॉकवर उजेड पाडला.

मग त्याने गाडी चढावर हातभर मागे ओढली आणि मधल्या स्टँडवर चढवली. "मागून दाबता का जरा?" तो म्हणाला.

"दाबते की. वजनाला माझ्याकडे काही कमी नाही." त्या लंगडत आल्या आणि गाडीच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी रेलल्या. पुढचं चाक उचललं गेलं. त्याने चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्या धरून मागेपुढे हलवून बघितल्या. तसूभरही खडखड नाही. बघून झालं होतं, तरी तो आणखी थोडा वेळ तसाच धरून बसला. डॉक्टरही दाबून उभ्या राहिल्या. "झालं का" असं त्यांनी विचारलं नाही.

इंजिन गार झालं. त्याने चारही बाजूंनी हात लावून खात्री केली, चावी फिरवली, बटण दाबलं. पहिल्याच दाबाला गाडी बोलती झाली. ना खोकला, ना धूर. तो मागे जाऊन धुराड्यापाशी वाकला, कान दिला, वास घेतला. काहीच नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदाच त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

"विचार करून सांगतो" हे शब्द त्याच्या ओठांवर आले. समोर डॉक्टर इंजिनाचा आवाज ऐकत उभ्या होत्या, मान थोडी कलती करून, एखाद्या जनावराच्या छातीला कान लावावा तशा.

"घेतो," टॉर्च म्हणाला.

"घेतोस?" त्यांचा चेहरा एकदम उतरला, मग त्यांनी तो सावरला. "घे. घे बाबा. चांगली आहे."

पैसे आणि कागद यांना फार वेळ लागला नाही. कागद आणि आपला फोन डॉक्टरांनी त्यालाच घरातून आणायला सांगितला. निघताना डॉक्टरांनी फाटक धरलं. "तापल्याशिवाय पळवू नकोस," एवढंच म्हणाल्या. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते सुचेपर्यंत गल्ली संपली.

संध्याकाळी त्याने इमारतीच्या तळमजल्यावर, आपल्या खिडकीखाली गाडी लावली आणि सवयीने इंजिनावर हात ठेवला. चटका बसला, हात झटकन मागे आला. साहजिक होतं. त्याने वर जाऊन ताईला फोन लावला.

"घेतली."

"खरंच? देव पावला! आता पुढच्या रविवारी काय करशील?"

"बघू," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर खोली फारच शांत वाटली, म्हणून तो पुन्हा खाली आला. हात लावला. अजून चटका होता. त्याने गाडी पुसली, उगाच इंडिकेटर लावून बघितले, पायरीवर बसून राहिला. पुन्हा हात लावला. ऊन समोरच्या भिंतीवरून गच्चीवर चढलं, गच्चीवरून उतरलं. जिन्यातला दिवा कोणीतरी लावला. त्याने परत तळहात टेकवला, आणि या वेळी तो तिथेच राहिला.

कोमट. बारीक तापासारखं. डॉक्टरांच्या आवारात लागलं होतं तितकंच. चटक्यापासून इथवर यायला दोन तास लागले होते.

टॉर्चचा हात इंजिनावर तसाच होता. तो आत शिरला तेव्हा डॉक्टर नुकत्याच चक्कर मारून आलेल्या नव्हत्या. पुढे भिंत, मागे चढ, डाव्या पायाला स्टँड पाडायचा जोर नाही, आणि फोन घरात. तो परत जावं का म्हणून कोपऱ्यावर चहा घेत होता, तेव्हाही त्या तिथेच होत्या, एवढं मोठं धूड दोन पायांवर तोलून.

फाटक सताड उघडं होतं. गल्लीत माणसं होती. मग इतका वेळ त्यांनी कोणाला हाक मारली नव्हती, की मारूनही कोणी आलं नव्हतं?