समोरच्या उतारावरची लाल चादर

गावात तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत. दगडी पायऱ्यांच्या गल्लीत, दरीच्या अंगाला तिची एकच खोली. टेबलावर दुहेरी घातलेलं जुनं ब्लँकेट, त्यावर इस्त्री, एक मोठी खिडकी आणि बाहेर लाकडी कठड्याची अरुंद गॅलरी. तिथून समोरचा डोंगर हाताला लागेल इतका जवळ दिसे. पण जायचं म्हटलं तर एका बसने खाली बाजारगावात उतरा, दुसरीने वर चढा, आणि पुढे पायी. त्या डोंगरावर तिची थोरली बहीण दिली होती. आता तीही एकटीच राहत होती.

थोरलीला ऐकू येईनासं झालं आणि फोनची सोय संपली. तेव्हा दोघींनी ठरवलं, सकाळी उठलं की कठड्यावर लाल चादर टाकायची. हिने इकडे, तिने तिकडे. चादर दिसली म्हणजे बाई धडधाकट आहे. शेजारीण हसायची, "म्हाताऱ्यांचं वायरलेस सुरू झालं गं!"

मग गाव ऐतिहासिक ठरलं. जुन्या घरांचे फोटो काढायला माणसं येऊ लागली, आणि गावच्या समितीने दरीकडच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालायला बंदी केली. हे सांगायला सेक्रेटरी आले, तेही स्वतःचे शर्ट काखोटीला मारून.

"मावशी, राग मानू नका, पण फोटोत धुणं येतं."

"धुणं नाही हो ते. बहीण आहे माझी."

"मग बहिणीला आत वाळत घाला," सेक्रेटरी हसत म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

जन्मात कुणाशी वाकडं बोलली नव्हती ती. दुसऱ्या दिवशी तिने चादर घडी करून कपाटात ठेवली. समोर लाल ठिपका उमटला. तिने गॅलरीत उभं राहून हात हलवला, पण एवढ्या लांबून हात तो काय दिसणार? संध्याकाळच्या बसबरोबर निरोप धाडू, असं मनाशी म्हणत ती शर्टांच्या कॉलरी दाबत राहिली.

निरोप जायचा राहिला. दुपारीच दारात काठी आपटली.

"जिवंत आहेस?" थोरलीने विचारलं, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

धाकटीने मान हलवली.

"मग चादर कुठे मेली? रस्ताभर रडत आले मी, भवाने! कंडक्टरने तिकीट द्यायचं सोडून मला पाणी पाजलं!"

आणि दोघी उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चादर रोज दिसायची, पण ताईचं तोंड कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. केवढीशी झाली होती ती! लहानपणी हिला कडेवर घेऊन ओढा ओलांडणारी ताई आता हिच्या खांद्याला लागत होती.

थोरली दोन दिवस राहिली. टेबलाशी बसून बशीतून चहा प्यायली, प्रत्येक शर्टाच्या मालकाची चौकशी केली, आणि धाकटीने कानाशी ओरडून नियम सांगितला तेव्हा खिडकीच्या लाकडी दारांकडे बोट दाखवून म्हणाली, "समितीने बाहेरून तपकिरी रंग लावायला लावलाय ना? आतून?"

"आतलं कुणी विचारलं नाही!"

"मग आतून लाल रंग फास. दारं बाहेर उघडून भिंतीला टेकवलीस की मला दिसतील."

निघताना बसच्या पायरीवर तिला दोघांनी धरून वर घेतलं. खिडकीतून ती म्हणाली, "आता चुकवू नकोस. माझ्याने पुन्हा व्हायचं नाही हे." या वेळी मात्र ती हळू बोलली.

रंग वाळला. सकाळी धाकटी खिडकीशी आली, कडीला हात घातला आणि थांबली. आज उघडलीच नाही तर? दुपारी ताई दारात. ओरडेल, भवाने म्हणेल, बशीत चहा ओतेल. स्वतःच्याच मनाची तिला लाज वाटली, तरी हात कडीवरून निघेना. फटीतून समोरचा उतार दिसत होता. अजून तिकडेही काही नव्हतं.

मग तिला ती बसची पायरी आठवली.

तिने कडी काढली आणि दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत लोटली. तोच समोर लाल ठिपका उमटला, जणू तिकडेही कुणी चादर हातात धरून केव्हाचं उभं होतं.