दादाच्या स्टुडिओत अडकलेलं मशीन

सिरसाळ्यात दादाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच टाकून दिलतं. डिस्क लई हळू, म्हणून मी थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. दादा एक फोटो बघत असला की हा पुढचे वीस डिस्ककडून आधीच मागवून ठेवायचा. मागवायचं आन् वाट न बघता पुढच्या कामाला लागायचं. दोन दिवस भारी चालला.

तिसऱ्या दिवशी दादानं फोटो भराभर पुढं सरकवले आन् मशीन जागेवर थांबलं. माउस हलंना, कीबोर्डचा दिवा लागंना. आत एका लग्नाचे सगळे फोटो. तिथी लागून असल्या की दादा कॅमेऱ्याचं कार्ड त्याच संध्याकाळी पुसून दुसऱ्या लग्नाला नेतो, म्हणजे ते फोटो फक्त त्या डिस्कवर.

"काय गं, हे तुजंच ना?" दादा म्हणला.

"माजंच."

"मंग आधी फोटू बाहेर काढ. नंतर कर काय करायचं ते."

"एकदाच बघू दे, कुठं अडकतंय."

एकदाचं चारदा झालं. दरवेळी बटण दाबून बंद, परत चालू. एररची नोंदच सापडंना, कारण ती जिथं लिहायची ती डिस्कच अडकलेली. शेवटी नुसत्या अक्षरांचा काळा स्क्रीन उघडून मशीन मुद्दाम अडकवलं आन् वर आलेल्या ओळींचा दादाच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला.

"नवरी बरी दिसती का?" दादा मागून म्हणला.

ओळींत माझंच फंक्शन. फोटोंच्या यादीला हात लावताना, दुसऱ्या कुणी ती मधेच बदलू नये म्हणून, मी कुलूप लावत होते. तेवढ्यात डिस्क म्हणायची, फोटो आला, घे. प्रोसेसर हातातलं सोडून तिकडं पळायचा, आन् तिथंही तेच कुलूप. उघडणारा हाच, आन् उघडायची वाट बघत उभा राहिलेलाही हाच. कुलूप लावलंय तोवर डिस्कचं ऐकू नको, एवढं सांगायचं राहिलेलं. दोन ओळी बदलल्या.

मग फोटो कॉपी केले. अक्षता पडतानाचा एक, दादानं रंग सुधारून नुकताच सेव्ह केलेला, अर्ध्यापासून खाली करडा निघाला. दादानं मूळ फोटोवरच सेव्ह केलेलं, म्हणून मूळही गेलेला. पहिल्या वेळी मशीन बंद केलं तेव्हा गेला की माझ्या चौथ्या वेळी, कळायला मार्ग नव्हता.

"आता अडकणार न्हाई. परत टाकू का?"

"तुज्या ल्यापटॉपवर टाक. माजं हळूच बरंय."

मग त्यानं नवरीच्या वडलांना फोन लावला. अक्षतांचा एक फोटो खराब झाला म्हणून सांगितलं. कुणामुळं, ते सांगितलं नाही.