वळणावरचं कोपर

चिनू, रेवा, माझ्या नातवंडांनो, आजच लिहिते. उद्यापर्यंत मी शहाणी होईन आणि लिहायचं टाळेन. टीव्हीवर हिवाळी खेळांतली स्केटिंगची शर्यत होती. वळणावर एकीने दुसरीला कोपराने पाडलं आणि पंचांनी पाडणारीला बाद केलं.

शाळेत चाकांच्या स्केट्सवर कुसुमने मला असंच पाडून चषक नेला होता. म्हणून पुनःप्रक्षेपणाच्या वेळी तिला मुद्दाम चहाला बोलावलं.

"बघ गं, हिला पकडलं."

कुसुमचा चहा तसाच राहिला. "अजून धरून बसलीस?"

"सोडून द्यायला तू चूक कधी कबूल केलीस?"

ती उठून गेली. पडद्यावर माणसं पाणी टाकून बर्फावरचे ओरखडे बुजवत होती. मला तशी सोय नको. माझ्या गुडघ्यावरचा व्रण अजून आहे, आणि रागही.